झुरळाचा पत्ता

‘झुरळाच्या मुखांगांची सुबक, नामनिर्देशित आकृती काढा.’ जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पाठ असतो. ‘झुरळाच्या पचनसंस्थेचे वर्णन करा’, ‘झुरळाच्या हृदयात किती कप्पे असतात?’ ही त्याचीच भावंडे. मात्र ‘तुमच्या घरात झुरळ नेमके कुठे राहते, आणि तिथेच का?’ हा प्रश्न आम्ही आजवर एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून एका शिक्षिकेने आम्हाला पत्र लिहिले. त्यांची तक्रार साधी होती. मुले झुरळाची आकृती उत्तम काढतात, गुणही मिळवतात. पण वर्गातल्या कपाटामागून खरे झुरळ निघाले की चप्पल शोधतात. आकृतीतला प्राणी आणि हा प्राणी एकच आहे, हे जणू त्यांच्या गावीच नसते. असे का व्हावे, असा बाईंचा प्रश्न होता. उत्तर शोधायला आम्ही मुलांकडे न जाता झुरळाच्या धड्याकडे गेलो. हा लेख म्हणजे त्या धड्याची समीक्षा आहे.

धड्यात काय आहे?

आधी धड्याच्या बाजूने बोलू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात झुरळावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराचे भाग, पचन, अभिसरण, श्वसन, उत्सर्जन, चेतासंस्था, प्रजनन अशा क्रमाने ते जाते. एक प्राणी घेऊन तो पूर्ण समजून घ्यायचा, ही पद्धत चांगलीच आहे. दहा प्राण्यांची दहा-दहा ओळींची माहिती देण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

शिवाय झुरळाच्या शरीरात आश्चर्य वाटण्यासारखे पुष्कळ आहे. आपले हृदय छातीत आणि मुख्य चेतारज्जू पाठीत, झुरळाचे उलट. त्याचे तेरा कप्प्यांचे हृदय पाठीकडे असते आणि चेतारज्जू पोटाकडे. त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. शरीराच्या बाजूंना असलेल्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. ‘रक्त म्हणजे प्राणवायूची मालगाडी’ असे घट्ट समजून बसलेल्या विद्यार्थ्याला हे कळले, तर त्याला आपल्याही शरीराकडे नव्याने पाहावेसे वाटेल.

मग अडचण कुठे आहे? या धड्यात झुरळाचे नाव आहे, कूळ आहे, आतड्याच्या प्रत्येक वळणाचा तपशील आहे. तो कुठे राहतो आणि माणसाशी त्याचा काय संबंध, हे मात्र थोडक्यात उरकलेले आहे. म्हणजे पाहुण्याची जन्मपत्रिका मांडली, पण तो आपल्या घरी का उतरला हे विचारायचे राहून गेले.

झुरळ ‘नमुना’ कसे झाले?

याचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सापडते. १८७१ साली टी. एच. हक्स्ली यांनी लंडनमध्ये शाळाशिक्षकांसाठी जीवशास्त्राचा एक प्रात्यक्षिक वर्ग घेतला. पुस्तकातून प्राणी शिकवू नका, थोडे निवडक प्राणी घ्या आणि स्वतःच्या हातांनी उघडून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक गटाचा एक ‘नमुना प्राणी’ ठरवायचा आणि त्यावरून गट समजून घ्यायचा, ही रीत त्यातून रुळली. पाठांतराच्या विरोधातले ते मोठे पाऊल होते.

पुढे १८८६ मध्ये मायल आणि डेनी या दोघांनी कीटकांची ओळख करून देण्यासाठी झुरळावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या नावात दोन गोष्टी आहेत : झुरळाची रचना आणि झुरळाचा जीवनक्रम. आपल्या धड्यापर्यंत पोचता पोचता पहिली गोष्ट तेवढी टिकली आणि दुसरी आक्रसत गेली. कारण उघड आहे. रचनेवर प्रश्न काढणे सोपे, आकृती तपासणे सोपे आणि गुण देणे त्याहून सोपे.

पुढे आणखी एक बदल झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ मध्ये प्राण्यांच्या विच्छेदनावर निर्बंध आणले. शाळा-महाविद्यालयांतले विच्छेदन आटत गेले. प्राण्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण ज्या कामासाठी झुरळाची निवड झाली होती ते कामच गेले, आणि आकृती मात्र राहिली. हक्स्लींना पाठांतर नको होते. त्यांच्याच पद्धतीतून आज पाठांतरच शिल्लक आहे.

‘नमुना’ म्हटल्यावर प्राणी बदलताही येतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात काही वर्षांपूर्वी अभ्यासक्रम हलका करताना झुरळ वगळले गेले आणि बेडूक राहिला. एका संस्थेचा नमुना म्हणूनच प्राणी शिकवायचा असेल, तर झुरळ काय आणि बेडूक काय! पण झुरळ शिकवण्याचे एक कारण असे आहे, जे बेडकाला लागू पडत नाही. ते कारण आहे त्याचा पत्ता.

नावे फसवतात

आपल्या घरांत प्रामुख्याने दोन जातींची झुरळे दिसतात. मोरीतून, गटारातून येणारे, तांबूस, सुमारे चार सेंटीमीटर लांबीचे मोठे झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. ओट्याखाली, फडताळाच्या फटीत, मिक्सरच्या बुडाशी राहणारे, फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटीमीटरचे आणि मानेजवळच्या ढालीवर दोन काळे पट्टे असलेले लहान झुरळ म्हणजे ब्लाटेला जर्मॅनिका. पुस्तकात सहसा पहिल्याची रचना असते. स्वयंपाकघरात अनेकदा भेटते ते दुसरे.

पहिल्याचे नाव अमेरिकन, पण ते मूळचे आफ्रिकेकडचे आणि जहाजांतून अमेरिकेत गेलेले, असे मानले जाते. दुसऱ्याचे नाव जर्मन. या नावावरून युरोपात गंमतच चाले : रशियन लोक त्याला ‘प्रशियन’ म्हणत आणि जर्मन लोक ‘रशियन’. नको असलेला पाहुणा नेहमी शेजाऱ्याकडूनच आलेला असतो.

मग ते आले कुठून? २०२४ मध्ये याचे बरेचसे स्पष्ट उत्तर मिळाले. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ जर्मन झुरळांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात ब्लाटेला असाहिनाई या आशियाई झुरळापासून वेगळे झाले. हे आशियाई झुरळ आजही उघड्यावर, शेतात, पालापाचोळ्यात राहते आणि दिव्याकडे उडत येते. त्याचा घरात शिरलेला भाऊबंद मात्र उजेडापासून पळतो आणि उडत जवळजवळ नाहीच. पुढे सुमारे १,२०० वर्षांपूर्वी तो पश्चिम आशियाकडे गेला. सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय कंपन्यांच्या व्यापाराबरोबर तो पूर्वेकडे पसरला, नंतर युरोपात पोचला आणि तिथून साऱ्या जगात.

म्हणजे ‘जर्मन’ झुरळ हे आपल्याच भागात, माणसाच्या वस्तीत घडलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्याची जंगलातली वस्ती आजवर कुठेही सापडलेली नाही. माणसाच्या इमारती हाच त्याचा एकमेव अधिवास आहे. वाघाला जंगल, माशाला पाणी, तसे याला घर. या प्राण्याचा अभ्यास करताना घर वगळणे म्हणजे माशाचा अभ्यास करताना पाणी वगळण्यासारखे आहे.

घर हाच खुलासा

धड्यातल्या सुट्या वाटणाऱ्या बाबी घराच्या संदर्भात ठेवून पाहा, त्यांना लगेच अर्थ येतो.

झुरळाचे शरीर चपटे का? फटीत शिरण्यासाठी. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेले असले की ते स्वस्थ बसते. शेपटाकडे असलेली दोन शिंगांसारखी उपांगे कशासाठी? त्यांच्यावरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते. शत्रू झेपावताना हवेचा जो झोत पुढे येतो, तो जाणवल्यावर सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास झुरळ वळून पळू लागते. बेडकाच्या जिभेपासून वाचायला उपयोगी पडणारी ही युक्ती चपलेपासूनही वाचवते.

मेदपिंड नावाची ऊती आकृतीत दाखवलेली नसली तरी चालते, असे पुष्कळांना वाटते. पण तिथेच मोठे रहस्य आहे. या ऊतीतल्या काही पेशींमध्ये ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जीवाणू राहतात. आपण जो नत्रयुक्त कचरा बाहेर टाकतो, तसाच कचरा झुरळ युरिक आम्लाच्या रूपात साठवते आणि हे जीवाणू त्यातल्या नत्रापासून पुन्हा अमिनो आम्ले बनवण्यास मदत करतात. म्हणून खळ, कागद, सांडलेले पीठ, भांड्याला लागलेला तेलकट थर असल्या निकस खाण्यावरही झुरळ तग धरते. आपल्या घरातली उष्टी-खरकटी त्याला का पुरतात, याचे उत्तर या जीवाणूंत आहे.

जर्मन झुरळाची मादी ३० ते ४० अंड्यांची डबी पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारापर्यंत आपल्या शरीराला लावूनच हिंडते. मोठ्या झुरळाच्या डबीत साधारण १४ ते १६ अंडी असतात आणि मादी ती कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. आता विचार करा : सामानाच्या पेटीतून, भाजीच्या खोक्यातून, रेल्वेच्या डब्यातून गावोगाव पसरायला यांतली कोणती पद्धत अधिक सोयीची? एकटी मादी प्रवासाला निघाली तरी सारे कुटुंब बरोबर. प्रजननसंस्थेची आकृती शिकवताना हा एक प्रश्न विचारला, तर तास वेगळाच होईल.

आणि एक गैरसमज. ‘झुरळ ३० कोटी वर्षांपासून जसेच्या तसे आहे आणि अणुयुद्ध झाले तरी उरेल’, हे वाक्य विज्ञानाच्या नावाखाली फार फिरते. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत झुरळासारखे दिसणारे कीटक सापडतात हे खरे. पण त्यांच्या माद्यांना अंडी घालायची लांब नळी होती आणि अंड्यांची डबी त्यांच्यात नव्हती. आजच्या अर्थाने झुरळे त्यानंतर फार उशिरा, डायनोसोरांच्या काळात आली. वाळवीसुद्धा झुरळांच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहे, म्हणजे हा वंश काही जागच्या जागी थिजून राहिलेला नाही. किरणोत्सर्ग माणसापेक्षा झुरळाला अधिक सोसतो, पण साधी फळमाशी त्याच्याही पुढे आहे. आणि माणूस संपला तर जर्मन झुरळाचे काय होईल? थंड देशांत तर तापवलेल्या घराबाहेर ते हिवाळाही काढू शकत नाही. त्याच्या अमरत्वाची गोष्ट सांगणाऱ्याने त्याचा पत्ता पाहिलेला नसतो.

ना पाळीव, ना जंगली

शाळेत आपण प्राण्यांचे पाळीव आणि जंगली असे दोन कप्पे करतो. जे दोन्हींत बसत नाहीत त्यांच्यावर ‘उपद्रवी’ असा शिक्का मारतो. झुरळ, उंदीर, घूस, ढेकूण एका बाजूला. चिमणी, पाल, पारवा कुठे ठेवायचे हे धड ठरत नाही. खरे तर हे सगळे एकाच गटातले आहेत. माणसाने त्यांना पाळले नाही, पण माणसाच्या घराच्या आधाराने ते जगतात. त्यांना आपण ‘घरसोबती’ म्हणू.

घरसोबत्यांचा इतिहास हा आपल्या घरांचा इतिहास आहे. इस्राएलमधल्या ऐन मलाहा इथल्या उत्खननात उंदरांचे दात सापडले. त्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की घरातला छोटा उंदीर १५,००० वर्षांपूर्वी, म्हणजे शेती सुरू होण्याच्या आधीच माणसाजवळ आला होता. माणसे दीर्घकाळ एका जागी राहिली की घरउंदीर वाढत आणि वस्ती फिरती झाली की रानउंदीर पुन्हा वरचढ होत. उंदराच्या दातावरून माणूस केव्हा स्थिरावला हे सांगता येते! आपल्या भीमेच्या खोऱ्यातही घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची घरे आणि धान्यसाठ्याच्या जागा उजेडात आणल्या. जिथे धान्याचे पेव, तिथे उंदराचे बीळ. इतिहासाच्या तासाला पेव येते, विज्ञानाच्या तासाला उंदीर. दोघांची गाठ कुणी घालून देत नाही.

‘उपद्रवी’ म्हणून भागते का?

इथे कुणी म्हणेल, झुरळ घाण करते, रोग पसरवते, मग त्याला उपद्रवी म्हटले तर बिघडले काय? झुरळ निरुपद्रवी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गटारातून ताटापर्यंत त्याचे पाय जंतू वाहून आणतात. त्याची विष्ठा आणि कातीचे कण यांच्यामुळे अनेक मुलांना दम्याचा त्रास होतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत तिचे प्रमाणही जास्त होते, अशा दमेकरी मुलांना इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. हा उपद्रव खरा आहे आणि गंभीरही.

आमचा आक्षेप शिक्क्यावर आहे. ‘उपद्रवी’ म्हटले की विचार थांबतो आणि फवारा सुरू होतो. फवाऱ्याचा परिणाम काय होतो याचे एक उत्तम उदाहरण जर्मन झुरळानेच दिले आहे. १९८० च्या दशकात झुरळांसाठी विषारी आमिषे निघाली. त्यांत गोडीसाठी ग्लुकोज घालत. काही वर्षांतच फ्लोरिडात अशी झुरळे आढळली, जी ग्लुकोजला तोंडच लावत नव्हती. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, खुलासा मिळाला : या झुरळांच्या मुखांगांवरच्या, कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. म्हणजे त्यांना साखर कडू लागत होती. ज्यांना गोड लागले ती मेली, ज्यांना कडू लागले ती उरली आणि त्यांचीच प्रजा वाढली. नैसर्गिक निवडीचे याहून सोपे उदाहरण कुठे मिळेल? आपण मात्र ते शिकवायला इंग्लंडातल्या काळ्या-पांढऱ्या पतंगांकडे जातो, आणि मुखांगांची आकृती काढताना त्यांचा हा पराक्रम सांगत नाही.

शिक्का मारून विचार थांबवण्याची याहून मोठी किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे आणि बंदर. पण तेव्हा सरकारचा भर घाणीवर होता. गटारे धुतली, कार्बोलिक आम्ल ओतले, घरे रिकामी केली, माणसांना जबरदस्तीने हलवले. उंदीर मरत होते, ते सर्वांना दिसत होते. पण घर, उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा कुणाच्या हाती नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून तो दुवा दाखवला. तो होता उंदरावरची पिसू. सुरुवातीला त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

मग १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला काम केले. त्यांचा एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे. त्यांनी छोट्या खोल्या बांधल्या. फरक मुख्यतः छपरात ठेवला : काहींच्या छपरांत उंदरांना सहज राहता येई, काहींत येत नसे. आत गिनिपिग ठेवले. काही पिंजरे जमिनीलगत, काही उंच टांगलेले, काही पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीचे. पिसवा जिथे पोचल्या तिथले गिनिपिग प्लेगने मेले. उंचावरचे आणि जाळीतले वाचले. घराची बांधणी, उंदीर, पिसू आणि रोग ही साखळी अशी सिद्ध झाली. तोवर आणि त्यानंतर मिळून भारतात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने दगावली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भीतीने मराठवाड्यात पुष्कळांनी घराबाहेर राहायला सुरुवात केली आणि घरात धान्य तसेच पडून राहिले. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडले आणि मग गाठीच्या तापाचे रुग्ण आले. रिकामी घरे, आत धान्य, वाढलेले उंदीर, परतलेली माणसे, असा अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावला. अशा वेळी ‘उंदीर उपद्रवी, मारा उंदीर’ हा उपाय घातक ठरतो. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. ते शरीर माणसाचे असू शकते. म्हणून आधी पिसवा मारायच्या आणि नंतर उंदीर, हा क्रम पाळावा लागतो. ज्याला उंदराचा पत्ता, त्याचे सोबती आणि त्याच्या अंगावरचे भाडेकरू ठाऊक आहेत, त्यालाच हा क्रम सुचेल. उपद्रवी प्राण्यांची यादी पाठ असून तो सुचणार नाही.

जेऊरमध्ये हा धडा कसा शिकवता येईल?

नुसती टीका करून भागणार नाही. पत्र लिहिणाऱ्या बाईंना आम्ही जे सुचवले, ते इथे सर्वांसाठी देत आहोत.

जेऊर या कामाला फार योग्य गाव आहे. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचलेल्या रेल्वेमार्गावरचे हे स्थानक. म्हणजे माल आणि त्याबरोबर येणारे घरसोबती यांची वाट जुनी. मूळचा मुलूख कोरडा, ज्वारीचा. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि परिसरात ऊस, केळी आली. या भागात जुनी माळवदाची घरे आहेत, पत्र्याची आहेत, स्लॅबची आहेत; शिवाय स्थानकाजवळची हॉटेले आणि टपऱ्या. परळच्या प्रयोगातल्या वेगवेगळ्या छपरांच्या खोल्या इथे आयत्या उभ्या आहेत.

विद्यार्थ्यांचे गट करा. प्रत्येक गटाला एका प्रकारची चार-पाच घरे द्या, अर्थात घरच्यांची परवानगी घेऊन. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. बाहेरून कागद गुंडाळा म्हणजे झुरळाला चढता येईल. आतून काठाखाली तेलाचे किंवा व्हॅसलीनचे बोट फिरवा म्हणजे बाहेर पडता येणार नाही. आत पिकलेल्या केळ्याचा तुकडा टाका. एक बरणी मोरीजवळ, एक चुलीजवळ किंवा शेगडीच्या ओट्याखाली, एक धान्याच्या खोलीत आणि एक माजघरात ठेवा. सकाळी मोजा : मोठी किती, लहान किती, पिल्ले किती. पाण्यापासूनचे अंतर, जवळची फट, रात्रीचे तापमान यांची नोंद करा. रात्री पाहायचे असेल तर विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावा. तांबडा उजेड झुरळांना नीट दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाहीत. झुरळे उघड्या हाताने धरू नयेत, नंतर हात साबणाने धुवावेत, दम्याचा त्रास असलेल्या मुलांना नोंदींचे काम द्यावे, आणि ज्या घरात विषारी खडू किंवा औषध नुकतेच वापरले आहे ते घर वगळावे.

त्याच घरांत चिमणीची घरटी, पाली, उंदरांची बिळे हेही मोजा. आमचे अनुमान असे आहे : माळवदाच्या तुळयांमधल्या खोबणींत आणि भिंतींच्या भोकांत चिमणीला जागा मिळते, स्लॅबच्या गुळगुळीत घरात ती मिळत नाही. उलट नळ, बंद गटार, ओट्याखालची कपाटे आणि कायमचा ओलावा ही स्लॅबच्या घराची देणगी झुरळाच्या पथ्यावर पडते. जुन्या घरात बळद आणि कणगी असतील तर उंदीर अधिक असतील. म्हणजे घर बदलले की सोबतीही बदलतात. हे अनुमान बरोबर की चूक, हे जेऊरची मुले पंधरा दिवसांत सांगू शकतील, आणि ते सांगताना पुस्तकात उत्तर शोधता येणार नाही.

सर्वेक्षण झाल्यावर आकृती काढायला सांगा. या वेळी मुले स्वतःहून विचारतील, की हे इतके चपटे कसे, याच्या पायांवर काटे कशाला, ही डबी कुठून निघते. मग प्रकरणातला प्रत्येक परिच्छेद त्यांच्या उपयोगी पडेल. झुरळे कमी करायचा उपायही त्यांचा तेच शोधतील : मोरी रात्री कोरडी करणे, गळका नळ दुरुस्त करणे, फटी बुजवणे, खरकटे झाकणे. फवाऱ्याच्या डब्यावर यांतले काहीच लिहिलेले नसते.

पुस्तक तयार करणाऱ्यांना आमची सूचना एवढीच आहे. झुरळाचे प्रकरण काढून टाकू नका आणि आहे तसेही ठेवू नका. आतड्याची दोन पाने कमी करा आणि पहिले पान घराला द्या. त्यावर कोणाच्याही स्वयंपाकघराचा एक साधा नकाशा छापा : मोरी, ओटा, फडताळ, धान्याचा डबा, खिडकी. खाली प्रश्न असावा : यांत झुरळ कुठे असेल, तिथेच का, आणि ते तिथे नको असेल तर घरात काय बदलावे लागेल? या प्रश्नाला पाच गुण द्या. पाच गुण असले म्हणजे शिक्षक तो शिकवतील आणि मुले घरी जाऊन बघतील.